द्वोर्झाकचं ‘स्ताबात मातेर’: 35 गायक आणि एक पियानो

प्रश्न थोडक्यात असा आहे. 35 जणांचा हौशी कॉयर आहे. निम्मे गायक चर्चमध्ये गात वाढलेले, निम्मे नुसत्या आवडीने आलेले, लॅटिनशी ओळख नसलेले. ऑर्केस्ट्रा नाही. एक बरा पियानो आहे आणि ऑर्गनचा आवाज देणारा कीबोर्ड. भरवशाने सोलो गाईल असा एकच माणूस, तो बेस, म्हणजे पुरुषांतला सगळ्यात खालचा आवाज. पुढच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, चेक संगीतकार आंतोनीन द्वोर्झाकचं ‘स्ताबात मातेर’ करायचं मनात आहे. क्रुसापाशी उभ्या असलेल्या येशूच्या आईच्या दुःखावरची ही लॅटिन प्रार्थना. झेपेल का, कुठून सुरुवात करावी, आणि त्याच्या तीन मुलांच्या मृत्यूची जी गोष्ट सगळे सांगतात ती कार्यक्रमात सांगावी का?

आधी सरळ उत्तर देतो. पूर्ण काम यंदा करू नका. दीड तासाच्या आसपास चालणारी ही रचना आहे, चार सोलो गायक लागतात, आणि दहापैकी जवळजवळ सगळे भाग संथ आहेत. हौशी कॉयर अवघड सुरांनी जितका दमतो त्यापेक्षा जास्त सलग संथ गाण्याने दमतो. पण त्यातले चार भाग असे आहेत की तुमच्याकडे जे आहे तेवढ्यातच ते उभे राहतात. कोणते ते पुढे सांगतो. त्याआधी गोष्टीचा निकाल लावू, कारण तुम्ही कसं गाणार हे बरंचसं त्या गोष्टीवर ठरतं.

प्रचलित गोष्ट अशी: द्वोर्झाकची तीन मुलं पाठोपाठ गेली आणि त्या दुःखात त्याने हे लिहिलं. तारखा लावून पाहिल्या की ही गोष्ट जरा वेगळी दिसते. पहिली मुलगी योसेफा 1875च्या ऑगस्टमध्ये जन्मली आणि दोनच दिवसांत गेली. पुढच्या वर्षी, 19 फेब्रुवारी ते 7 मे 1876 या काळात, द्वोर्झाकने ‘स्ताबात मातेर’चा पहिला आराखडा लिहिला. चार सोलो, कॉयर आणि पियानो एवढ्यांसाठीच, सात भागांचा. मग ते बाजूला ठेवून तो दुसऱ्या कामांना लागला. 1877च्या ऑगस्टमध्ये रुझेना ही अकरा महिन्यांची मुलगी फॉस्फरसचं द्रावण पोटात जाऊन दगावली. महिनाही उलटला नाही तोच 8 सप्टेंबरला साडेतीन वर्षांचा ओताकार देवीच्या साथीत गेला. तो द्वोर्झाकचा छत्तिसावा वाढदिवस. घरात एकही मूल उरलं नाही. त्या शरद ऋतूत त्याने जुना आराखडा बाहेर काढला, तीन नवे भाग लिहिले, सगळ्याला ऑर्केस्ट्रा दिला आणि 13 नोव्हेंबर 1877ला काम पुरं केलं.

आता नवे तीन भाग कोणते ते बघा. आजच्या क्रमाने पाचवा, सहावा आणि सातवा. पाचवा ई फ्लॅट मेजर, सहावा बी मेजर, सातवा ए मेजर. तिन्ही मेजर, म्हणजे उजळ वाटणारे, मायनरसारखे उदास नाहीत! ज्या पानांवर लोक डोळे पुसतात, तो बी मायनरमधला पहिला भाग, सी मायनरमधली संथ पावलांची ‘एया मातेर’, बी फ्लॅट मायनरमधला बेसचा सोलो, ती सगळी पानं रुझेना जन्मलीही नव्हती आणि ओताकार घरात हसत-खेळत होता तेव्हा लिहिलेली. आणि दोन मुलं पुरल्यावर या माणसाने जे लिहिलं ते यातलं सगळ्यात शांत, सगळ्यात उजेडाचं संगीत आहे. योसेफाचं दुःख पहिल्या आराखड्यामागे असेल, नाकारण्याचं कारण नाही. पण ‘मुलं गेली म्हणून रडका सूर लागला’ हा हिशेब इथे बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं: गोष्ट जरूर सांगा, पण तारखांसह सांगा, आणि श्रोत्यांना सांगा. गायकांना ती तालमीच्या सुरुवातीला सांगू नका. मुलांचे मृत्यू ऐकून गायला उभा राहिलेला कॉयर दुसऱ्या पानावर गळा दाटून गायला लागतो, श्वास छातीत वर चढतो, आणि सूर उतरतो. दुःख गाणाऱ्याच्या गळ्यात अडकलं तर ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. स्वर आधी बसू द्या. नंतर सगळं सांगा.

आणखी एक गोष्ट जोडून सांगायला हरकत नाही. पुढे द्वोर्झाक दांपत्याला सहा मुलं झाली आणि ती वाढली. 1885मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्यांनी पुन्हा ओताकारच ठेवलं. थोरली ओतिलिए पुढे संगीतकार योसेफ सुकची बायको झाली.

आता मजकुराबद्दल. ज्यांना लॅटिन येत नाही त्यांना एका संध्याकाळी बसवून वीसच्या वीस कडवी मराठीत समजावून सांगा. ही तेराव्या शतकातली प्रार्थना आहे. कोणी याकोपोने दा तोदी या फ्रान्सिस्कन साधूचं नाव घेतात, कोणी पोप तिसरे इनोसंट यांचं. कडवं तीन ओळींचं, अक्षरं आठ, आठ, सात, आणि दोन-दोन कडव्यांची यमकं एकमेकांत गुंतलेली. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या क्रुसापाशी त्याची आई उभी होती असं एक वाक्य आहे, त्यावर हे सगळं उभं आहे. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनंतर मिस्सातून, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेतून, ही प्रार्थना वगळली गेली, 1727मध्ये परत आली. आज 15 सप्टेंबरच्या दुःखी मातेच्या सणाला ती आहे, आणि लेंटमध्ये क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातले प्रसंग आठवत करायच्या प्रार्थनेत, एका स्थानाकडून दुसऱ्या स्थानाकडे जाताना गायली जाते ती तर चर्चमध्ये वाढलेल्या तुमच्या गायकांच्या कानावर कधीतरी पडलेली असणार.

समजावताना एक सांधा नीट दाखवा. पहिली आठ कडवी बघणाऱ्याची आहेत: ती उभी आहे, तिच्या जिवातून तलवार आरपार गेली आहे, असं पाहून कोण रडणार नाही, तिने आपल्या लेकाला मरताना पाहिलं. नवव्या कडव्यात बघणारा एकदम तिच्याशीच बोलायला लागतो. ‘एया मातेर, फोन्स आमोरिस’, अगं आई, प्रेमाच्या झऱ्या, तुझ्या दुःखाचा जोर मलाही जाणवू दे, तुझ्यासवे मलाही शोक करू दे. तिथून पुढे शेवटपर्यंत मागणंच मागणं आहे. ‘फाक’, ‘फाक’, असं कर, तसं कर. माझं हृदय पेटू दे. जखमा माझ्यावर उमटव. वेदना माझ्याशी वाटून घे. शेवटच्या कडव्यात मागणं आपल्या स्वतःच्या मरणापाशी येतं: देह मरेल तेव्हा आत्म्याला स्वर्गाचं वैभव मिळू दे.

द्वोर्झाकने नेमका हाच सांधा पकडला आहे. पहिल्या दोन भागांत त्याने आठ कडवी घातली आणि त्यांना अर्ध्या तासाच्या आसपास वेळ दिला. तिसरा भाग बरोबर नवव्या कडव्यापाशी सुरू होतो आणि त्यात एकच कडवं आहे. पाचव्यातही एकच, सातव्यातही एकच. तीन ओळी घेऊन तो पाच-सात मिनिटं त्यांच्याभोवती फिरतो. आपल्याकडे अभंगाचं एक चरण घेऊन गवई जसा घोळवतो तसं म्हणा हवं तर. शब्द तेच, पण दर वेळी ते वेगळ्या ठिकाणी टेकतात. हे गायकांना कळलं की ‘पुन्हा तेच काय गायचं’ ही कुरकुर थांबते.

आता कोणते भाग. तिसरा, चौथा, पाचवा आणि सातवा. तिसरा, पाचवा, सातवा यांत सोलो नाहीच, फक्त कॉयर. चौथ्यात बेस सोलो आणि कॉयर, आणि तुमच्याकडे आहे तो बेसच. चारांना मिळून अर्धा तास लागेल. बाकीच्या भागांना का हात लावू नये म्हणतो तेही सांगतो. पहिला आणि दहावा भाग चारही सोलोंशिवाय उभा राहत नाही. दुसरा निखळ सोलो चौकडीचा. सहाव्यात टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) सोलो आणि पुरुषांचा कॉयर हवा, आणि हौशी कॉयरमध्ये टेनर किती असतात हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. आठवा सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) आणि टेनरचं द्वंद्वगीत. नववा आल्टोचा (बायकांच्या खालच्या आवाजाचा) सोलो, जुन्या बरोक पद्धतीने खाली साथीतली बेसची ओळ चालत राहते आणि वर आल्टो गाते. फार सुंदर आहे, पण पोक्त आवाज हवा.

मग पहिल्या आठ कडव्यांचं काय? ती क्रुसाच्या वाटेच्या साध्या चालीवर गा. एक कडवं पुरुषांनी, एक बायकांनी, साथीशिवाय, मध्ये न थांबता. आठवं संपलं की पियानोवर ‘एया मातेर’ सुरू. श्रोत्याला नवव्या कडव्याचा सांधा आपोआप कळतो, सांगायची गरज उरत नाही. तेरावं, चौदावं कडवं सहाव्या भागातलं, तीही तशीच साध्या चालीवर. सातव्या भागानंतर उरलेली पाच कडवी पुन्हा साध्या चालीवर गाऊन आमेन म्हणा. म्हणजे प्रार्थना पूर्ण झाली, आणि द्वोर्झाकचे चार भाग तिच्या आत बसले. हा काही शुद्धतावादी उपाय नाही, कोणी नाक मुरडेलही. मला तो ऑर्केस्ट्राच्या जागी कसंबसं वाजवलेल्या पूर्ण कामापेक्षा प्रामाणिक वाटतो.

ऑर्केस्ट्रा नसल्याची खंत करू नका, हेही सांगतो. 1876चा मूळ आराखडा पियानोसाठीच होता आणि त्याची आधुनिक छापील आवृत्ती मिळते, सातही भागांची ध्वनिमुद्रणंही आहेत. त्यात तुमचे तिसरा आणि चौथा भाग सापडतील. पाचवा आणि सातवा मात्र नंतरचे, तेव्हा ते ऑर्केस्ट्राच्या संहितेवरून पियानोला उतरवलेल्या व्होकल स्कोअरमधून घ्यावे लागतील. झिमरॉक या प्रकाशकाने छापलेला तो जुना स्कोअर इंटरनेटवर मोफत आहे. द्वोर्झाक 1904मध्ये गेला, स्वामित्वहक्काचा प्रश्न नाही. दोन्ही स्कोअर समोर ठेवून पियानिस्टला बसवा. मूळ पियानोची साथ हाताला नीट बसते. उतरवलेली साथ कधी कधी दोन हातांत मावत नाही. तिथे मधले स्वर सोडायला सांगा, पण बेसची ओळ सोडू देऊ नका.

आता एकेक भाग.

‘एया मातेर’चं वर्णन सगळे ‘शोकयात्रेची चाल’ असं करतात आणि ते खरंच आहे, पावलं ऐकू येतात. पण द्वोर्झाकने वर लिहिलंय ‘आंदान्ते कोन मोतो’, म्हणजे चालत आणि जरा गतीने. बहुतेक कॉयर तो लार्गोच्या, म्हणजे अगदी संथ, लयीत गातात आणि तिसऱ्या मिनिटाला यात्रा रस्त्यात बसते. मी एक सोपी युक्ती वापरतो: सुरुवातीच्या तालमींत सगळ्यांना जागच्या जागी पावलं टाकत गायला लावतो. पाऊल रेंगाळलं की लय रेंगाळली, बोट दाखवावं लागत नाही. दुसरं, यातला आवाज चढतो तेव्हा तो शब्दांमुळे चढू द्या. ‘दोलोरिस’वर जोर येतो तो ‘दो’वर नाही, ‘लो’वर. आपल्या लोकांची सवय पहिल्या अक्षरावर आपटायची. ती मोडायला आधी शब्द नुसते लयीत बोलवून घ्या, सूर नंतर.

चौथा भाग माझ्या मते या चारांतला सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात फळ देणारा. बेस एकटा ‘फाक उत आर्देआत कोर मेउम’ गातो, बी फ्लॅट मायनर, लार्गो, जड. मग अचानक बायकांचे आवाज ऑर्गनच्या साथीने मेजरमध्ये येतात: ‘सांक्ता मातेर, इस्तुद आगास’. अख्ख्या कामात ऑर्गन फक्त इथेच वाजतो. द्वोर्झाक 1874 ते 1877 प्रागच्या संत व्होयतेखच्या चर्चमध्ये ऑर्गनिस्ट होता, चर्चच्या गॅलरीतून येणारा आवाज कसा वाटतो हे त्याला रोजच्या कामातून माहीत होतं. तुमच्या सोलो गायकाला सांगा की इथे मोठा आवाज काढायचा नाही, वजनदार काढायचा. आणि बायकांचा कॉयर शक्य असेल तर वर, मागच्या गॅलरीत उभा करा, कीबोर्डसकट. ऑर्गनचा आवाज साधा ठेवा, कंप बंद, पेडलचा खालचा सूर लावायचा मोह टाळा. श्रोत्यांची मान मागे वळली तर समजा जमलं. गॅलरीतला आवाज खालच्यापेक्षा किंचित उशिरा पोचतो, म्हणून वरच्यांनी कंडक्टरचा हात बघून गायचं, पियानो ऐकून नाही.

पाचव्या भागात सहा-आठची लय झुलते, जवळजवळ पाळण्याची. शब्द मात्र जखमी लेकाचे. ही विसंगती झाकायला जाऊ नका, म्हणजे संथ आणि करुण करून टाकू नका. झुलू द्या. मधे संगीत एकदम उसळतं तेवढ्यापुरतं उसळायचं आणि परत झोक्यावर यायचं. मुलं गेल्यानंतर लिहिलेल्या पानांतलं हे एक, एवढं माहीत असलं की पुरे.

सातव्या भागात साथ बरेचदा बाजूला होते आणि कॉयर उघडा पडतो. तालमीत पियानो पूर्ण बंद करून हा भाग गा आणि शेवटी पियानोवर ए वाजवून बघा. किती उतरलात ते कळेल. उतरणार, सगळे उतरतात. उपाय श्वासाचा आहे: वाक्याच्या शेवटचा श्वास पुरवून नेण्यात सूर जातो. शेजाऱ्याशी ठरवून आळीपाळीने श्वास घ्या, शब्दाच्या मधेही चालेल, फक्त दोघांनी एकदम नाही. आणि ए मेजरचा तिसरा स्वर, म्हणजे आपल्या भाषेत शुद्ध गंधार, तो ज्याच्या वाट्याला येईल त्याने शांतपणे ऐकून लावायचा. पियानोचा गंधार किंचित चढा असतो, साथ नसताना कान आपोआप खालच्या, गोड गंधाराकडे जातो. तो गोडवा घ्या. फक्त षड्ज त्याच्यामागून खाली घसरू देऊ नका.

स्वराचं बोलतोच आहे तर एक व्यायाम सांगतो, जो पहिल्या भागातून घेतलाय. यंदा तो भाग कार्यक्रमात नसला तरी तालमीत असू द्या. पहिल्या भागाची सुरुवात म्हणजे एकच स्वर, एफ शार्प. खालून वर, सप्तकामागून सप्तक, दुसरा सूरच नाही. हार्मोनियमवर काळी तीन. राग बी मायनरचा, म्हणजे पांढरी सातचा, आणि हा त्याचा पंचम. षड्ज न सांगता पंचमावर उभं करून ठेवायचं आणि नजर वर वर न्यायची, अशी ती सुरुवात आहे. मग तिथून अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी उतरत येणारी ओळ. तीच ओळ पुढे कॉयरच्या तोंडी येते, आणि दहाव्या भागात परत येते.

तुमच्यातल्या हिंदुस्थानी शिकलेल्या गायकांची या ओळीवर खरी परीक्षा. हात आपोआप मींडेकडे जातो. दोन लगतच्या स्वरांमधली फट गळा घसरत भरून काढतो, आणि कानाला कोमल स्वर आणखी खाली लावायची सवय. परिणाम असा की आठ-दहा स्वर उतरेपर्यंत अख्खा अर्धा सूर गायब. म्हणून तानपुरा अ‍ॅपवर पांढरी सात लावा, पंचमाची तार सुरू ठेवा आणि ओळ आधी उलटी गा, खालून वर, ‘नू’ म्हणत. मग वरून खाली, प्रत्येक पायरी कंजूषपणे, जेमतेम उतरल्यासारखी. शेवटी पियानोवर तपासा. दर तालमीला पाच मिनिटं, यापेक्षा जास्त नाही. टॉनिक सोल्फावर, म्हणजे दो-रे-मीच्या अक्षरलिपीवर, वाढलेल्या गायकांना अशा ओळीत ‘दो’ कुठे आहे हेच हरवतं, त्यांना थेट पाच रेघांच्या स्टाफ स्वरलिपीकडे वळवा किंवा कानाने शिकवा. गोव्यात पॅरिश शाळेतल्या मास्तरांकडे सोल्फेज (स्वरांची नावं घेत गाण्याचा सराव) घोटलेले गायक कॉयरमध्ये असतील तर त्यांना प्रत्येक आवाजात एकेक वाटून द्या. लेंटच्या मिरवणुकीत मोतेत (अनेक आवाजांतलं भक्तिगीत) गायलेला माणूस लॅटिन आणि लांब श्वास दोन्हींना सरावलेला असतो.

उच्चारांचं फार अवडंबर नको. मराठी माणसाला लॅटिन सोपं आहे: त आणि द दाताचे, आ, ए, ओ सरळ. इंग्रजी वळणाने ‘स्टाबाट माटर’ म्हणायची सवय लागली असेल तर ती काढा. प्रश्न फक्त ‘क्रूचेम’मधल्या च चा. रोमन पद्धतीने तो ‘चिमणी’तला च. द्वोर्झाकच्या प्रागमध्ये मात्र लॅटिन म्हणताना तो ‘चमचा’तला च होतो. दोन्ही च आपल्या तोंडात तयार आहेत, कुठलाही घ्या, पण सगळ्यांनी एकच. तुमचं गाणं चर्चमध्ये आहे आणि साध्या चालीची कडवी रोमन वळणाने म्हटली जातात, म्हणून मी ‘चिमणी’ घेईन. ‘फाक’मधला आ भरपूर उघडा ठेवा, नाहीतर तरुण गायकांत खसखस पिकते. पिकेलच. एकदा पिकू द्या आणि पुढे चला.

हे काम बाहेरच्या जगात कसं गेलं तेही कार्यक्रमपत्रिकेत दोन ओळींत येऊ द्या. पहिला प्रयोग काम संपल्यावर तीन वर्षांनी, 23 डिसेंबर 1880ला प्रागमध्ये, आडोल्फ चेखच्या हाताखाली. 1882मध्ये संगीतकार लेओश यानाचेकने ब्रनोत केला. 1883मध्ये लंडनमध्ये झाला, आणि पुढच्या वर्षी, 13 मार्च 1884ला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये खुद्द द्वोर्झाकने कंडक्ट केलं. समोर 800हून जास्त गायकांचा कॉयर होता. खाटकाचा मुलगा, चाळिशीत नुकता पोचलेला, इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच आलेला. त्या संध्याकाळनंतर इंग्लंडने त्याला सोडलं नाही, तो एकूण नऊ वेळा तिथे गेला. 800 गायकांची ही गोष्ट ऐकून तुमचे 35 जण हिरमुसतील तर त्यांना आठवण करून द्या की मूळ कागदावर फक्त पियानो होता. आणि तो माणूस स्वरलिपीच्या शेवटी ‘बोहु दीकी’, देवाचे आभार, असं लिहीत असे. मोठ्या हॉलचा हिशेब नंतरचा.

ऐकायला काय सांगाल असं विचाराल, म्हणून: कंडक्टर वात्स्लाव तालिखचं 1952चं ध्वनिमुद्रण जुनं आहे, आवाज खरखरीत, पण लय कशी चालती ठेवावी ते त्यात कळतं. राफाएल कुबेलिकचं 1976चं मोठं आणि ऊबदार. यिर्झी बेलोहलावेकचं 2017चं सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. गायकांना यातलं एकच द्या. तीन दिली की तालमीत तीन लयी येतात.

पुढच्या वर्षी वाढवायचं असेल तर दहावा भाग घ्या. त्यात पहिल्या भागाचं संगीत परत येतं, तोच बी मायनर, तीच उतरती ओळ, आणि मग सगळं डी मेजरमध्ये उघडतं. झपाट्याचं आमेन, त्याच्या मध्यावर ऑर्केस्ट्रा थांबतो आणि कॉयर एकटा ‘क्वांदो कोर्पुस’ म्हणतो. त्या जागी कॉयर किंचित जरी उतरला तरी साथ परत येताच सगळ्या सभागृहाला कळतं. त्याची तयारी यंदाच्या सातव्या भागात होणार आहे. तोवर एखादी सोप्रानो, एखादा टेनर, एखादी आल्टो तयार होतील. नाही झाल्या तर पेरगोलेसीचं 1736चं ‘स्ताबात मातेर’ दोन स्त्री-आवाजांत होतं. आणि सोलो नकोच असतील तर योझेफ राइनबर्गरचं जी मायनरमधलं, ओपस 138, ऑर्गनच्या साथीवर छोटा कॉयरही सहज गाऊ शकतो. रोसिनीच्या ‘स्ताबात मातेर’च्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याचे सोलो ऑपेराच्या गळ्याचे आहेत.

वेळापत्रक सांगून थांबतो. लेंट फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि त्याच्या आधी नाताळ आहे, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर कॅरल्समध्ये जाणार हे गृहीत धरा. जुलैत सुरू करा. ऑक्टोबरअखेर चारही भागांचे स्वर पाठ. मग दोन महिने हात लावू नका. जानेवारीत पहिल्या तालमीला सातवा भाग साथीशिवाय घ्या, काय टिकलंय ते तिथे कळेल. पियानो पावसाळ्यानंतर एकदा आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात एकदा लावून घ्या, आणि कीबोर्डचा सूर त्याच्याशी जुळवा. गॅलरीतला ऑर्गन आणि खालचा पियानो यांत फरक राहिला तर चौथ्या भागात बायका कोणाचं ऐकणार हा प्रश्न आयत्या वेळी सुटत नाही.